विद्युत मोटार : व्यवहार्यतेचे गणित

हरित तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा पर्यावरणाच्या अंगाने होते. परंतु कोणतेही तंत्रज्ञान बाजारपेठेत टिकते ते खर्चाच्या हिशेबावर. या दृष्टीने २००१ मध्ये बंगळूर येथून विक्रीस आलेल्या ‘रेवा’ या विद्युत मोटारीचा अनुभव बोलका आहे. एका चार्जिंगमध्ये ती सुमारे ८० किलोमीटर धावत असे. कल्पना काळाच्या पुढची होती. शिसे-आम्ल बॅटरी मात्र जड आणि अल्पायुषी होती.

लिथियम-आयन बॅटरीने हे चित्र पालटले. तिची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला १,००० डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ती सुमारे ११५ डॉलरवर आली. तरीही विद्युत मोटार पेट्रोल मोटारीहून महागच पडते. हा फरक उदाहरणादाखल ३ लाख रुपये मानला आणि प्रति किलोमीटर खर्च पेट्रोलचा ७ रुपये व विजेचा दीड रुपया धरला, तर किलोमीटरमागे साडेपाच रुपये वाचतात. रोज २० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस हा फरक भरून काढण्यास सुमारे साडेसात वर्षे लागतात. रोज १०० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस केवळ दीड वर्ष. उत्तर भारतात ई-रिक्षा झपाट्याने रुजल्या, त्यामागे हेच गणित आहे.

भारतातील बहुतांश वीज आजही कोळशापासून निर्माण होते. त्यामुळे पर्यावरणीय लाभही तूर्त मर्यादितच राहतो. सारांश, विद्युत वाहनाची व्यवहार्यता ते किती धावते यावर अवलंबून आहे. सार्वजनिक निधीचा पहिला हक्क म्हणूनच घरासमोर उभ्या राहणाऱ्या मोटारीचा नसून दिवसभर धावणाऱ्या बस व रिक्षांचा ठरतो.