चित्रगुप्ताची वही आणि इंद्रायणीचा डोह

शेलूबाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील या गावी कारंजा, मालेगाव आणि मंगरूळपीर या तिन्ही बाजूंची वाहतूक एकत्र येते. अलीकडे समृद्धी महामार्गही गावाजवळून गेला. भोवतालच्या खेड्यांतील संसार कपाशी, सोयाबीन आणि तूर यांवर उभे आहेत व ही पिके बव्हंशी पावसाच्या लहरीवर. या भागात, वऱ्हाडात इतरत्र आहे तशीच, एक जुनी रीत आहे. घरात मृत्यू झाला की पुढील दिवसांत गरुडपुराणाची पोथी लावायची. ऐकणाऱ्यांत मृताची पत्नी असते, आई असते, शाळेत जाणारी मुले असतात. पोथीत यममार्गाचे वर्णन येते, वैतरणी येते, चित्रगुप्ताची वही येते आणि पापागणिक वेगळा नरक येतो. नातवंडे पाहून, पिकल्या पानासारखा जो गळून पडला त्याच्या घरी ही वर्णने ऐकताना कोणी फारसे अस्वस्थ होत नाही. परंतु कर्जाच्या ओझ्याखाली ज्याने स्वतःच आपले जीवन संपविले त्याच्या घरी हीच पोथी उघडली जाते, तेव्हा त्या ओसरीवर बसलेल्या बाईच्या मनात काय चालत असेल?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची विशेष योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा यांच्याबरोबर वाशीमही होता. त्यानंतर या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. सिंचन, हमीभाव, पतपुरवठा, बियाणे या सर्वांची चर्चा झाली व ती आवश्यकच होती. मात्र मागे राहिलेल्या घरातील एक प्रश्न कोणत्याही अहवालात आला नाही. कारण तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. ‘त्यांना गती मिळेल का?’ हा तो प्रश्न. कर्ज फिटेल की नाही यापेक्षाही तो कधीकधी अधिक रात्री जागवतो.

या प्रश्नाच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना पेच आहे. ईश्वर प्रेमस्वरूप आहे असे म्हणायचे आणि त्याच ईश्वराच्या राज्यात नरकही आहे असे मानायचे, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात? मराठी माणसाला तर हा पेच अधिकच टोचावा. त्याने आपल्या देवाला राजा किंवा न्यायाधीश म्हणण्यापेक्षा माउली म्हणणे पसंत केले. न्यायाधीश शिक्षा सुनावून घरी जाऊ शकतो. आई तसे करू शकत नाही. लेकरू अंधारात असेल तर आई उजेडात सुखाने बसेल, हे या भाषेत शिकलेल्या मनाला पटणारे नाही.

शास्त्रांचे शब्द कठोर आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अतिमान, अतिक्रोध, स्नेह किंवा भय यांच्या भरात जीव देणाऱ्याला साठ हजार वर्षांचा नरकवास सांगितला आहे. स्मृतिकारांनी अशा मृतासाठी पाणी देण्यालाही मनाई केली. ईशावास्योपनिषदाच्या तिसऱ्या मंत्रात आत्मघात करणारे अंधाराने वेढलेल्या लोकी जातात असे म्हटले असल्याने तोही आधार म्हणून पुढे केला जातो. परंतु हीच शास्त्रे नीट वाचली तर वेगळे चित्र दिसू लागते. ईशावास्याच्या त्या मंत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी आत्मघातकी म्हणजे देहत्याग करणारा असा अर्थ घेतलेलाच नाही. आत्मस्वरूपाविषयी अज्ञानात राहणारे सर्वच लोक आत्मघातकी, असा त्यांचा अर्थ आहे. त्या अर्थाने पोथी वाचणारा आणि ऐकणारा यांतील कितीजण सुटतील? दुसरे असे की, साठ हजार वर्षे ही कितीही मोठी असली तरी ती मुदत आहे. तिला शेवट आहे. वैष्णव वेदान्तात मध्वाचार्यांनी काही जीवांसाठी कायमचा अंधार मानला, पण ते मत अपवादात्मकच राहिले. भारतीय परंपरेचा सर्वसाधारण कल नरकाला वाटेवरचा मुक्काम मानण्याकडे आहे, अखेरचे घर मानण्याकडे नाही. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. ज्यांनी पाणी देण्यास मनाई केली त्यांच्याच परंपरेने अशा मृतासाठी नारायणबलीचा विधी सांगितला. पुढचे दार लावून घेतले आणि मागची खिडकी उघडी ठेवली. शास्त्रकारांनाही दार कायमचे लावणे जमले नाही, हाच याचा अर्थ. दुर्दैव इतकेच की आज त्या खिडकीपर्यंत पोचायला त्र्यंबकेश्वरचा प्रवासखर्च व दक्षिणा लागते आणि ज्या घराने बैलजोडी विकली आहे त्या घराला ती पुन्हा कर्ज काढून द्यावी लागते.

हा झगडा केवळ आपल्याकडचा नाही. ख्रिस्ती धर्मात तिसऱ्या शतकातील ओरिजेन या विद्वानाने अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील अशी आशा मांडली. पुढे सहाव्या शतकात चर्चने ते मत त्याज्य ठरविले. संत ऑगस्टीनने नरकाची शिक्षा शाश्वत असल्याचे आग्रहाने प्रतिपादले आणि आत्मघातालाही पाप ठरविले. दान्तेने आपल्या महाकाव्यात आत्मघातक्यांना नरकाच्या सातव्या वर्तुळात ठेवले. अशा मृतांना धर्मविधीपूर्वक मूठमाती देण्यासही चर्च शतकानुशतके नकार देत असे. तथापि १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत कॅथलिक चर्चने अंत्यविधी नाकारावयाच्या व्यक्तींच्या यादीतून आत्मघातक्यांना वगळले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, गंभीर मानसिक यातनांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते व त्याच्या उद्धाराची आशा सोडू नये, अशी भूमिका घेतली. इस्लाममध्येही हे कृत्य निषिद्धच आहे. पण कुराणाच्या चौथ्या सूरेतील ज्या आयतीत ते निषिद्ध ठरते, त्याच आयतीत ईश्वर दयाळू असल्याची ग्वाहीही आहे.

माणसांच्या कायद्याचा प्रवासही याच दिशेने झाला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच निर्णय दिला, पण १९९६ साली तो फिरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला न भरता सरकारने तिची काळजी घ्यावी, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलमच राहिले नाही. सरकारी सेवकावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरता अपवाद तेवढा आहे. ज्या कृत्याला फौजदाराचे राज्य क्षमा करू लागले त्याला माउलीचे राज्य क्षमा करीत नाही, असे म्हणणे म्हणजे ईश्वराला फौजदाराहून कठोर ठरविणे होय. यात ईश्वराचा गौरव कोणता?

नरकाच्या बाजूने मात्र एक युक्तिवाद असा आहे की जो हसून उडविता येणार नाही. नरक नसेल तर न्यायाचे काय? खोटे बियाणे विकणारा, गहाणाच्या नावाखाली जमीन गिळणारा, दुसऱ्याच्या मरणावर माडी बांधणारा सुखाने म्हातारा होतो आणि सुखाने मरतो. कोठेतरी त्याचा हिशेब मांडला जावा ही ओढ पिडलेल्या माणसाची आहे व ती पवित्र आहे. न्यायाची पर्वा नसलेले प्रेम हे प्रेम नसून केवळ मिळमिळीतपणा होय. परंतु अनुभव काय सांगतो? नरकाची वही ज्याच्यासाठी लिहिली गेली त्याच्या दारात ती क्वचितच उघडली जाते. शेलूबाजारहून जवळ असलेले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते व त्यांचे गुरुचरित्र या भागात श्रद्धेने वाचले जाते. त्या ग्रंथात एका पतिताच्या मुखातून वेद वदवून गुरू विद्वानांचा गर्व उतरवितात, हा प्रसंग करुणेचा आहे. पण त्याच कथेत त्या पतिताला कर्मविपाकही सांगितला जातो, म्हणजे कोणत्या पापामुळे कोणता हीन जन्म येतो त्याची यादी. तळाशी असलेल्याला त्याचे पाप वाचून दाखवायचे, ही समाजाची सवय जुनी आहे.

आणि ती केवळ पोथीपुरती नाही. आत्महत्येनंतर त्याच घरी दुसरी एक वही येते. जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे होती काय, कर्ज अधिकृत संस्थेचे होते काय, नापिकी होती काय, वसुलीचा तगादा होता काय, यांवरून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरते. पात्र ठरलेल्या कुटुंबासाठी एक लाख रुपयांची मदत ठरविली गेली. सातबारावर नाव नसलेल्याच्या किंवा खाजगी सावकाराकडून उचल घेतलेल्याच्या घरी अनेकदा ‘अपात्र’ हा शेरा येतो. नियमांशिवाय कचेरी चालत नाही हे खरे. पण एका वहीने इहलोकी अपात्र ठरविलेल्या माणसाला दुसरी वही परलोकीही अपात्र ठरविते, तेव्हा त्या घराला जायला जागा उरत नाही.

आणखी एक आक्षेप येईल. नरकाची भीती गेली तर माणसे अधिक सहज जीव देतील. भीतीने काहींना तरी रोखले असेल. असे घडले नसेल असे म्हणता येत नाही. परंतु ज्या मनाला जगणेच नरक वाटू लागले आहे त्याला पुढच्या नरकाचे भय कितपत आवरणार? उलट पापाची लाज माणसाचे तोंड बंद करते. मनात काय विचार येतात हे तो बायकोला सांगत नाही, मित्राला सांगत नाही, डॉक्टरला तर नाहीच. माणूस सावरतो तो बोलल्याने आणि कोणीतरी ऐकून घेतल्याने. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा त्यासाठीच चालते. पण तो क्रमांक फिरविण्यापूर्वी आपले दुःख हे पाप नाही एवढी खात्री माणसाला हवी. ती खात्री देणे हे धर्माचे काम आहे.

ती देण्यासाठी धर्माला दूर जावे लागणार नाही. संतचरित्रांची परंपरा सांगते की, ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना धर्मपीठाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले व त्यांनी आपले देह विसर्जित केले. समाजाच्या निवाड्यापायी पोरक्या झालेल्या त्या मुलाने १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि शेवटी विश्वात्मक देवापाशी मागणे मागितले. त्यात निवाडा देणाऱ्यांना नरक मागितलेला नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावो, दुष्ट जावोत असे नव्हे, एवढाच त्याचा आशय आहे. न्याय आणि प्रेम यांचा मेळ येथे बसतो. पापाचा नाश व्हावा, पापी मात्र उरावा आणि बदलावा. ज्या शिक्षेच्या शेवटी सुधारणा नाही, तिला प्रेमाच्या राज्यात स्थान नाही.

तुकोबांची कथा तर वऱ्हाडातील शेतकऱ्याला घरची वाटावी अशी. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांनी पत्नी गमावली, व्यवसाय बुडाला. पुढे घरातील सावकारीची कागदपत्रे त्यांनी भावाबरोबर वाटून घेतली व आपल्या वाट्याची इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली, असे परंपरा सांगते. ऋणको दारी येण्यापूर्वीच त्यांनी वही बुडविली. भक्ताला जे सुचले ते भगवंताला सुचणार नाही काय?

म्हणून गावातील शिक्षकाने, पोथी वाचणाऱ्याने, कीर्तनकाराने एक विवेक पाळावा. अशा घरी जाताना नरकाचे अध्याय बाजूला ठेवावेत आणि त्या आईला, त्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे की तुमचा माणूस पापी नव्हता, थकला होता. आणि थकून झोपलेल्या लेकराला माउली जाब विचारीत नाही. जाब विचारायचाच असेल तर तो त्याला थकविणाऱ्यांना विचारावा, आणि तो परलोकापर्यंत लांबणीवर न टाकता येथेच, तहसील कचेरीत आणि बाजार समितीच्या आवारात विचारावा.