आकाशातल्या चिपची फेरजुळणी

रेडिओ बिघडला की एरंडोलच्या बाजारातला कारागीर काय करतो? मागचे झाकण उघडतो, निकामी भाग काढतो आणि नवा भाग डाख देऊन बसवतो. पण हाच रेडिओ ५०० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने फिरत असेल तर? तेथे कारागिराचा हात पोचत नाही. मग काय करायचे?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने तो इतर १९ उपग्रहांबरोबर अवकाशात नेला. त्याची बाजू सुमारे १० सेंटीमीटर आणि वजन किलोग्रॅमहून थोडे कमी. एका ठिकाणचा संदेश घेऊन तो दुसऱ्या ठिकाणी पोचवणे, हे त्याचे काम.

अशा उपग्रहाच्या अडचणी पाहा. त्याच्या एका बाजूवर सूर्याची साडेतेरा वॅट शक्ती पडते. चांगल्या सौरघटांनीही त्यातून फार तर चार वॅट वीज मिळते. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह एरंडोलच्या डोक्यावरून गेला, तरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम ११-१२ मिनिटे दिसतो. शिवाय डॉप्लर परिणामामुळे ४३७ मेगाहर्ट्झच्या लहरींची वारंवारता येताना सुमारे १० किलोहर्ट्झने वाढलेली आणि जाताना तितकीच घटलेली भासते. अशा वेळी संदेश पाठवण्याची पद्धत उड्डाणानंतर बदलता आली, तर किती सोय होईल!

येथे पुनर्रचनाक्षम चिप उपयोगी पडते. तिचे नाव 'फील्ड प्रोग्रामेबल गेट अ‍ॅरे', म्हणजेच एफपीजीए. भुसावळचे रेल्वे यार्ड आठवा. रूळ तेच असतात. सांधे बदलले की गाडी वेगळ्या वाटेने जाते. या चिपमध्येही तारांचे जाळे कायम असते. कोणती तार कोणाला जोडायची, हे स्मृतीतले ० आणि १ ठरवतात. जाळ्यात जागोजागी छोट्या 'पेट्या' असतात. दोन आगमे असलेली पेटी घेतली, तर ००, ०१, १०, ११ अशा चार स्थितींसाठी चार उत्तरे लिहून ठेवावी लागतात. ती ०००१ लिहिली की पेटी 'आणि' द्वार होते. ०१११ लिहिली की तीच 'किंवा' द्वार होते. चिप तीच, काम नवे! १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने बाजारात आणलेल्या अशा पहिल्या चिपमध्ये ६४ पेट्या होत्या. आज त्या लाखांनी असतात.

डिसेंबर २००२ मध्ये गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या 'फेडसॅट' उपग्रहावर अशा चिपचा प्रायोगिक संगणक होता. या तंत्राने जमिनीवरून नवी जुळणी पाठवून संदेशाचा वेग कमी करता येतो, चुका दुरुस्त करणारी नवी सांकेतिक पद्धत बसवता येते. मात्र अँटेनाची लांबी किंवा सौरघटांची संख्या काही बदलता येत नाही.

यात धोकाही आहे. पाठवलेली जुळणीच चुकीची असेल, तर उपग्रह बहिरा होईल आणि दुरुस्तीची आज्ञाही ऐकणार नाही. म्हणून मूळ जुळणी वेगळ्या स्मृतीत जपतात. ठरावीक काळ आज्ञा आली नाही, तर उपग्रह आपण होऊन तिच्याकडे परततो. दुसरा शत्रू म्हणजे अवकाशातले वेगवान कण. असा एखादा कण आदळून ०००१ मधला १ पुसला गेला, तर 'आणि' द्वार कायम शून्यच सांगत राहील. यावर उपाय म्हणजे एकच मंडल तीनदा बनवायचे आणि बहुमताचे उत्तर घ्यायचे.

हे वर्गात करून पाहा. तिघांना कागदावर ०००१ लिहायला सांगा. एकाने गुपचूप एक आकडा बदलावा. चौथ्याने तिन्ही कागद पाहून प्रत्येक स्थानासाठी बहुमत घ्यावे. उत्तर बरोबरच येईल. आता दोघांनी एकाच स्थानी बदल केला तर? बहुमतच फसेल! म्हणूनच पहिली चूक होताच, दुसरी होण्याआधी, मूळ प्रतीवरून स्मृती पुन्हापुन्हा लिहीत राहावी लागते. चार आगमांच्या पेटीत किती उत्तरे लिहावी लागतील, हे मात्र तुम्हीच शोधा.