निळीच्या पुडीतील गंधक

आमच्या उकव्याच्या खाणीतून निघणारे मँगनीजचे खनिज काळेभोर असते; गेरू तांबडा असतो. ते काळेपण मँगनीजचे, हे तांबडेपण लोखंडाचे. खनिजाला रंग बहुधा अशा एखाद्या धातूमुळेच येतो. परंतु पांढऱ्या कपड्यांना देण्याच्या निळीच्या भुकटीला हा नियम लागू पडत नाही.

ही नीळ झाडापासून काढलेली नव्हे. ती ‘अल्ट्रामरीन’ हा खनिज रंग होय. अजिंठ्याच्या चित्रांत जो राजावर्त पाषाणाचा निळा रंग आहे, त्याचेच हे कृत्रिम भावंड. राजावर्त फार महाग. म्हणून फ्रान्समध्ये गिमे व जर्मनीत ग्मेलिन यांनी १८२८ च्या सुमारास तो रंग भट्टीत तयार करण्याची रीत शोधली. चिनी माती, सोडा, गंधक व कोळसा एकत्र भाजले की नीळ होते. यांतील एकही जिन्नस निळा नाही, आणि रंग देणारा धातूही त्यांत नाही!

मग निळेपण आले कोठून? गंधकातून. तीन गंधक-अणूंचा एक वाकडा समूह सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या पिंजऱ्यात कोंडलेला असतो. त्यातील एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो. असा समूह उघड्या हवेत टिकत नाही. पिंजऱ्यात मात्र तो शतकानुशतके टिकतो. पिवळा-नारिंगी प्रकाश तो शोषून घेतो, आणि निळा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

एवढा सूक्ष्म समूह डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकात त्याची प्रतिकृती मांडतात. अणूंमधील अंतरे व कोन ठरवून इलेक्ट्रॉनची ऊर्जा गणिताने काढतात, आणि कोणता प्रकाश शोषला जाईल हे पाहतात. प्रत्यक्ष मोजमाप सुमारे ६०० नॅनोमीटर भरते. गणिताचे उत्तर त्याच्याशी ताडून प्रतिकृती पारखली जाते. दोनच गंधक-अणूंचा समूह असेल, तर रंग पिवळा होतो.

या गणिताचा उपयोग काय, असे कोणी विचारील. निळीवर सौम्य आम्ल टाकल्यास पिंजरा मोडतो, रंग उडतो आणि कुजक्या अंड्यासारखा दर्प सुटतो. भित्तिचित्रातील रंग असा एकदा गेला, की परत येत नाही. चित्राचा कणही न खरवडता, त्यावरून परतणारा प्रकाश मोजून रंग ओळखावयाचा, तर तो प्रकाश तसाच का परततो हे आधी कळले पाहिजे. जुनी चित्रे जपण्यासाठी हे ज्ञान हवे.