प्रयोगशाळेच्या दारापर्यंत : लेखांक ९
कुपीतलं वजन, कागदावरचं वजन

या आठवड्यात विमानतळावरच्या कस्टममध्ये शिरायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. कारण औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय, आणि तिचा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय कस्टमच्या दारात जाण्यात अर्थ नाही. ती विचारते, "मॉर्फीन हायड्रोक्लोराइडची १०० मिलिग्रॅमची कुपी मागवायची आहे. ग्वाल्हेरच्या अर्जात १०० लिहू की ७६?" (ग्वाल्हेर म्हणजे आयात परवाना देणारा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो.)

हा माझा फार आवडता विषय आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

कुपीत निव्वळ मॉर्फीन नसतं. त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल जोडलेलं असतं आणि बाजारातल्या नेहमीच्या रूपात स्फटिकजलाचे तीन रेणूही असतात. या सगळ्याचं रेणुवस्तुमान ३७५.८, त्यातल्या मॉर्फीनचं २८५.३. भागाकार केला की ७६ टक्के. पण तोच क्षार निर्जल असेल तर मॉर्फीन ८९ टक्के भरतं. म्हणजे कॅटलॉगमध्ये नाव एकच दिसलं तरी पाणी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय आकडा लिहिता येत नाही. धान्य बाजारात ओल्या मालाला घट धरतात, तसाच हा हिशेब.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक देश आपली वैद्यकीय आणि वैज्ञानिक गरज किती, याचा वार्षिक अंदाज व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाला कळवतो. त्या अंदाजाबाहेर निर्यातदार देशाने माल सोडायचा नाही. हा हिशेब शुद्ध पदार्थाच्या वजनात चालतो. एका देशाने क्षार मोजला आणि दुसऱ्याने शुद्ध मॉर्फीन, तर एकच कुपी दोन वह्यांत दोन मापांची दिसेल. शिवाय माल पोचल्यावर आपलं सरकार निर्यात परवान्यावर प्रत्यक्ष किती आलं याची नोंद करून तो परत पाठवतं. हा परतीचा कागद मला या साऱ्या व्यवस्थेतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. दोन सरकारं एका संशोधकाच्या चिमूटभर पुडीचा ताळा जुळवतात!

तर माझं उत्तर असं : दोन्ही लिहा, आणि कोणता आकडा कशाचा ते स्पष्ट लिहा. 'मॉर्फीन हायड्रोक्लोराइड ट्रायहायड्रेट १०० मिलिग्रॅम, शुद्ध मॉर्फीन ७६ मिलिग्रॅम.' नुसते ७६ लिहिलेत आणि पुरवठादाराच्या बिलावर १०० आले, तर तपासणाऱ्याला २४ मिलिग्रॅम विनापरवाना दिसतात. त्याने पार्सल अडवलं तर त्याचं काहीच चुकलं नाही.

उलट फसगतही होते. विश्लेषणासाठी मिळणाऱ्या प्रमाण द्रावणांच्या ॲम्प्यूलवर मिलिलीटरला १ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. तो आकडा बरेचदा शुद्ध पदार्थाचाच असतो, जरी आत क्षार विरघळवलेला असला तरी. त्याला पुन्हा ०.७६ ने गुणू नका.

हे टक्के मंडळाच्या 'पिवळ्या यादी'त तयार मिळतात. मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांसाठी 'हिरवी यादी' पाहावी. पण प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्यांना नेहमी लागणारं केटामाइन त्या हिरव्या यादीत शोधू नका. त्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण नाही. भारताने मात्र २०११ मध्ये ते आपल्या कायद्याखाली आणलं. तिथे भागाकार स्वतःच करायचा : २३७.७ भागिले २७४.२, म्हणजे हायड्रोक्लोराइडमध्ये ८७ टक्के.

पुढच्या आठवड्यात नक्की कस्टम. तोवर पुरवठादाराकडून तुमच्या लॉटचं विश्लेषणपत्रक मागवून ठेवा. पाणी किती, क्षार कोणता, हे त्यावरच कळतं.