चार दारांची हेरल्ड

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीत नोटीस लागली. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, गॅरेज रिकामी करा. मुलुंडमध्ये सध्या गल्लोगल्ली हेच चाललंय, त्यामुळे नोटिशीचं नवल नव्हतं. प्रश्न होता तो गॅरेजमधल्या गाडीचा. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, १९७० सालची स्टँडर्ड हेरल्ड! अण्णा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ती ताडपत्रीखालीच होती. यांनी भंगारवाल्याला बोलावलं. भाव ठरत होता, तेवढ्यात सासूबाई खाली आल्या.

"माझ्या गाडीचा सौदा मला न विचारता?"

आम्ही सगळेच चमकलो. आईंनी तर आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता!

रात्री जेवणं झाल्यावर आई मोकळेपणी बोलल्या. "तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी फियाट. पण तिला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. यांच्या मित्राकडे दोन दारांची हेरल्ड होती. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवा, वाकून आत शिरा. कडेवर पोर, अंगावर साडी. मी म्हटलं, असली गाडी नको. मग चार दारांची जुनी मिळाली, ती घेतली. निवड माझी होती गं."

मैत्रिणींनो, तेव्हापासून मला या गाडीच्या कुळाची उत्सुकता लागली.

इंग्रजांच्या छोट्या गाड्यांची कुळकथा सुरू होते १९२२ च्या ऑस्टिन सेव्हनपासून. आपल्याकडे जुनी माणसं तिला 'बेबी ऑस्टिन' म्हणत. मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन, हे समीकरण तिनं मोडलं. १९४८ मध्ये मॉरिस मायनर आली. तिचा कर्ता अ‍ॅलेक इसिगोनिस. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून भडका उडाला आणि इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं. तेव्हा कमी पेट्रोल खाणारी गाडी हवी म्हणून त्याच इसिगोनिसनं १९५९ मध्ये मिनी काढली. इंजिन आडवं बसवलं, चाकं दहा इंची ठेवली. दहा फुटांच्या गाडीत चार माणसं सुखानं बसली! याच मिनीच्या 'कूपर' या प्रकाराला पहिलं मोठं रॅली विजेतेपद १९६२ मध्ये हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीत एका बाईनं मिळवून दिलं. तिचं नाव पॅट मॉस.

आमची हेरल्डही मिनीच्याच वर्षी, १९५९ मध्ये जन्मली. ट्रायम्फ कंपनीची ही गाडी. तिचा घाट मिकेलोत्ती या इटालियन माणसानं काढला. गाडीची बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला होता. मग या कंपनीनं बॉडीचे भाग सुटे करवून घेतले आणि ते चॅसीवर बोल्टनं जोडायची युक्ती काढली. अडचणीतून मार्ग काढणं फक्त आपल्या स्वयंपाकघरातच होत नाही! या युक्तीमुळे एकाच सांगाड्यावर बंद टपाची, उघड्या टपाची, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली, असे कितीतरी प्रकार काढता आले. बॉनेट तर समोरचा सगळा भाग घेऊन पुढे कलतं. अण्णा पेटीचं झाकण उघडावं तसं ते उघडायचे, की गल्लीतली पोरं जमलीच.

आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती बनवली. आणि साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी चार दारांची हेरल्ड काढली. इंग्लंडमध्ये चार दारांची हेरल्ड कधी निघालीच नाही! कंपनीचा हिशेब काय असेल तो असो. पण साडी नेसलेल्या, मूल कडेवर घेतलेल्या आईंना त्या जादा दोन दारांचं मोल कळलं होतं. पुढे याच गाडीवरून 'गॅझेल' आली आणि १९७७ च्या सुमारास हे पर्व संपलं. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट 'पद्मिनी' होऊन मात्र टॅक्सीच्या रूपानं २०२३ पर्यंत मुंबईत धावली.

आता व्यवहाराचं बोलू. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, असा नियम २०२१ मध्ये झाला. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोज वापरायला किंवा धंद्याला नाही. म्हणजे भंगार हा एकच रस्ता नव्हता. पण आरसी बुक बघितलं तर गाडी अजून अण्णांच्याच नावावर. मालक गेल्यावर तीन महिन्यांत वारसानं अर्ज करायचा असतो. आम्ही चार वर्षं स्वस्थ बसलो. बचत गटात बायकांना "घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का?" म्हणून विचारत फिरणारी मी, माझ्याच घरात हे विचारायला विसरले होते.

बायांनो, घरातल्या गाडीचे कागद आज एकदा काढून बघा. आरसी बुकात आता नॉमिनीचं नावही घालता येतं.

भंगारवाल्याला आम्ही परत पाठवलं. घाटकोपरच्या एका जुन्या मेकॅनिकनं चार रविवार खपून इंजिन सुरू केलं. गाडी सध्या बदलापूरला माझ्या भावाच्या शेडमध्ये आहे. आईंच्या नावानं अर्ज, दंडासकट, भरलाय.

गाडी निघाली त्या दिवशी मी आईंसाठी मागचं दार उघडलं. त्या वळसा घालून पुढे गेल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या.

"पन्नास वर्षं मागे बसले," म्हणाल्या, "आज रस्ता बघते."