खोक्यावरचं नाव आणि आतला माल

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर निघाली, आणि बहुतेक सगळ्याच गंजल्या. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दारांखालचा पत्रा कुजला की गाडीचा कणाच गेला. अशा गाडीची संपूर्ण कोरी बॉडी १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेजनं विक्रीला ठेवली, तेव्हा कितीतरी भंगारात निघालेल्या गाड्यांना पुन्हा रस्ता दिसला. हेरिटेज तेव्हा मूळ उत्पादकाच्याच घरातली कंपनी होती. तिनं कारखान्याचे जुने डाय हुडकून काढले, दुरुस्त केले आणि त्यांवर पुन्हा पत्रा दाबला. पुढे १९९२मध्ये रोव्हरनं एमजी आरव्ही८ बाजारात आणली ती याच बॉडीच्या आधारावर! सुमारे दोन हजार गाड्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. सुट्या भागापोटी अख्खी गाडी जन्मल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पण असे भाग बनवायला मूळ कंपनीचा परवाना लागतोच का? ब्रिटनमध्ये हा वाद एका एक्झॉस्ट पाइपवरून मिटला. पाइप होता मॉरिस मरीनाचा. ती गाडी बनवणारी ब्रिटिश लेलँड रॉयल्टी घेऊन इतरांना परवाने देत असे. आर्मस्ट्राँग कंपनीनं असा परवाना घ्यायला नकार दिला. पाइपच्या ड्रॉइंगवर आपला कॉपीराइट आहे, असं लेलँडचं म्हणणं. १९८६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं कॉपीराइट मानला, पण तो लागू करू दिला नाही: विकलेली गाडी दुरुस्त करण्याचा मालकाचा हक्क कॉपीराइटच्या आडून अडवता येणार नाही. मग १९८८च्या कायद्यानं, दुसऱ्या भागाला जोडण्यासाठी जो आकार ठेवावाच लागतो त्याला डिझाइन-हक्कातून वगळलं.

म्हणजे जुन्या गाडीच्या बाबतीत कंपनीकडे विकण्याजोगं उरलं ते मुख्यतः नाव आणि बोधचिन्ह. जपले असतील तर ड्रॉइंग आणि डायसुद्धा. सगळा घोळ इथून सुरू होतो. गिऱ्हाईक छाप पाहून दर्जा विकत घेतो. परवान्यात मात्र कधी नुसतं नाव भाड्यानं दिलेलं असतं, तर कधी नावासोबत ड्रॉइंगही आलेलं असतं. सॉल्सबरीच्या बर्लेन कंपनीकडे एसयू कार्ब्युरेटरचं नाव आहे आणि ते बनवण्याचा वारसाही. तिथं छापावर विश्वास टाकायला हरकत नाही. फोर्डच्या परवान्यानं २०११मध्ये आलेली सुरुवातीच्या मस्टँग कन्व्हर्टिबलची बॉडी तर मुळापेक्षा सरस पोलादाची आहे.

लहान भागांत खरी फसगत होते. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर घ्या. किंमत किरकोळ, पण त्यातून हजारो व्होल्ट जातात. प्लास्टिकच्या मिश्रणात कार्बन जास्त पडला किंवा पितळी पट्टी धरणारी रिव्हेट खोल गेली, की वीज प्लगकडे जाण्याऐवजी मधल्या दांड्यात उतरते आणि इंजिन बंद पडतं. गार इंजिनावर सगळं ठीक वाटतं, तापल्यावर घोटाळा. मालक कार्ब्युरेटर खोलतो, पेट्रोल पंप बदलतो. कालच बसवलेल्या नव्या रोटरवर संशय कोण घेणार? गेली कित्येक वर्षं इंग्लंडचे मिनी आणि एमजीवाले याच दुखण्यानं वैतागले आहेत. रबराचंही तेच. स्टिअरिंगच्या सांध्यांवरची नवी बुटं वर्ष-दोन वर्षांत चिरतात आणि त्याच सांध्याचं जुनं रबर तीस वर्षं टिकलेलं असतं. आकार हुबेहूब, मिश्रण भलतंच. आकार मोजपट्टीनं तपासता येतो, मिश्रण येत नाही.

उलट काही भाग हुबेहूब नसलेलेच बरे. ब्रेकच्या लायनिंगमधलं अ‍ॅस्बेस्टॉस ब्रिटननं १९९९ साली बंद केलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं तसे जुन्या पद्धतीच्या रबराचे पाइप फुगू-चिरू लागले. तिथं मूळ नमुन्याचा आग्रह म्हणजे आगीला आमंत्रण.

छाप खरोखर कामी येतो तो नोंदणीच्या कचेरीत. मूळ धाटणीची नवी बॉडी बसवून जुना नंबर टिकवायचा, तर ती अधिकृत ठिकाणची असल्याची पावती ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं मागितली जाई. मस्टँगची बॉडी विकतानाही गाडीचा ओळख-क्रमांक दिला जात नाही. तो जुन्या गाडीचाच लागतो.

आपल्याकडे २०२१च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून सत्तरच्या दशकात निघालेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्या आता या पन्नाशीला पोहोचताहेत. मुंबईत त्यांची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, आणि सुट्या भागांचं मोठं गिऱ्हाईकही तिच्याबरोबर गेलं. समुद्राच्या हवेनं खाल्लेल्या फ्लोअरचा पत्रा आता मेस्त्री हातानं ठोकून बसवतात. तो दुरुस्तीत धरायचा की फेरफारात, हे ठरणार आरटीओच्या टेबलावर.