मोटारीच्या एंजिनातील संपीडन-गुणोत्तर आणि त्याची मर्यादा

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनात दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती दट्ट्या माथ्याशी पोचल्यावर उरणाऱ्या जागेच्या जितकी पट असते, त्या संख्येस संपीडन-गुणोत्तर म्हणतात. निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या एंजिनात हे गुणोत्तर सुमारे अडीच होते. आजच्या मोटारींत ते साधारणपणे दहाच्या आसपास असून काहींत चौदापर्यंत गेले आहे. या दीर्घ प्रवासाचा इतिहास जितका धातूचा आहे, त्याहून अधिक इंधनाचा आहे.

गुणोत्तर वाढविल्याने लाभ का होतो, याविषयी एक गैरसमज आढळतो. मिश्रण अधिक दाबले म्हणून शक्ती वाढते, असे मानले जाते. वस्तुतः दाबण्याच्या क्रियेत कार्य खर्चच होते. खरा लाभ प्रसरणाचा आहे. जितके संपीडन तितकेच पुढे प्रसरण, आणि प्रसरण जितके अधिक तितकी ज्वलित वायूंतील उष्णता बाहेर फेकली जाण्यापूर्वी कार्यात परिणत होते. आदर्श ऑटो-चक्राची कार्यक्षमता १ − १/गु^(घ−१) या सूत्राने मिळते. येथे गु हे संपीडन-गुणोत्तर आणि घ हे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर होय. हवेसाठी घ = १.४ धरल्यास गुणोत्तर चारावरून पाचावर नेताना कार्यक्षमता ४२.६ टक्क्यांवरून ४७.५ टक्क्यांवर जाते. आठावरून नवावर जाताना ती ५६.५ वरून ५८.५ टक्के होते, तर अकरावरून बारावर जाताना जेमतेम ६१.७ वरून ६३ टक्के. प्रत्यक्ष एंजिनात घर्षण, भिंतींतून जाणारी उष्णता आणि ज्वलनास लागणारा अवधी यांमुळे आकडे बरेच खाली असतात. परंतु प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीहून कमी फलदायी ठरते, हा कल तोच राहतो.

मर्यादा घालणारी गोष्ट म्हणजे आघाती ज्वलन, ज्याला कारखान्यांत ‘नॉकिंग’ म्हणतात. संपीडनाचा घातांक १.३ आणि आरंभीचे तपमान ६० अंश सेल्सिअस धरले, तर गुणोत्तर आठ असताना मिश्रण सुमारे ३५० अंशांपर्यंत तापते आणि बारा असताना सुमारे ४३० अंशांपर्यंत. ठिणगी पडल्यावर ज्योत कक्षात पसरू लागते, तेव्हा दूरच्या कोपऱ्यातील अद्याप न जळलेले मिश्रण आणखी दाबले व तापविले जाते. ज्योत पोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले, तर दाबाच्या लहरी उठतात, धातूवर हातोडी पडल्यासारखा आवाज येतो आणि हे फार काळ चालल्यास दट्ट्याचा माथा झिजतो. ठिणगीपूर्वीच तप्त काजळीमुळे मिश्रण पेटणे हा निराळा दोष होय. दोहोंची गल्लत करू नये.

हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर गुणोत्तर बदलता येईल असे प्रयोग-एंजिन बांधून इंधनांची तुलना केली. अमेरिकेत थॉमस मिज्ली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा आघातरोधक गुण सापडला व १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. अल्कोहोलही हे काम करते, हे तेव्हा ज्ञात होते. तरीही शिशाची निवड झाली, कारण त्याची मात्रा अत्यल्प पुरे आणि त्यावर पेटंट घेता येई. १९२४ मध्येच न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले, तरी हा व्यवहार कायमचा थांबला नाही. भारतात मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. अल्जीरियात ते २०२१ पर्यंत विकले जात होते. कार्यक्षमतेच्या थोड्या टक्क्यांसाठी मोजलेली ही किंमत अवाजवी होती, यात शंका नाही.

जुन्या एंजिनाचे गुणोत्तर वाढविण्याची रूढ रीत म्हणजे सिलिंडर-हेडचा पृष्ठभाग तासणे. ७० मिमी व्यास व ७८ मिमी धाव असलेल्या सिलिंडरचे विस्थापन ३०० घनसेंमी. गुणोत्तर आठ असता वरची जागा ४२.९ घनसेंमी, नऊ असता ३७.५. म्हणजे ५.४ घनसेंमी कमी करावयाची. कक्ष सिलिंडरएवढाच रुंद असेल तर तासणी १.४ मिमी, अरुंद असेल तर अधिक. एवढ्याने झडपा दट्ट्याच्या जवळ येतात आणि कॅमशाफ्ट हेडमध्ये असल्यास साखळीची लांबी तीच राहून झडपांची वेळ बदलते. ठिणगीची वेळही पुन्हा बसवावी लागते.

आता हाच प्रश्न इथेनॉलने पुन्हा उभा केला आहे. महाराष्ट्रातील साखर कारखाने ज्याचे मोठे उत्पादक आहेत, त्या इथेनॉलचा ऑक्टेन-अंक शंभराहून अधिक आहे व बाष्पीभवनाच्या वेळी ते मिश्रण थंडही करते. मात्र त्याच्या एका लिटरमधील उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी. भारतात २०२५ मध्ये गाठलेल्या वीस टक्के मिश्रणात त्यामुळे दर लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा घटते. गुणोत्तर दहावरून बारावर नेल्यास आदर्श कार्यक्षमता ६०.२ वरून ६३ टक्के होते, म्हणजे घटीचा अर्ध्याहून अधिक भाग भरून निघतो. परंतु जुन्या मोटारीत हे नवे इंधन घातल्याने गुणोत्तर बदलत नाही. तिच्या मालकाच्या वाट्याला ऊर्जेतील घट पूर्ण येते आणि ऑक्टेनचा लाभ मात्र वापरलाच जात नाही.